पाळी जाण्याचा काळ आणि पिशवी काढण्याची घाई

प्रश्न कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जांबोटी भागातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचा आहे. वय ४६, दोन मुले, दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. गेल्या दीड वर्षापासून त्यांची पाळी कधी वीस दिवसांत, तर कधी दोन-अडीच महिन्यांनी येते, आणि लांबून आली की आठ-दहा दिवस गाठी पडून जाते. रात्री अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, वर्गात मुलांची नावे ऐन वेळी आठवत नाहीत, घरी विनाकारण चिडचिड होते. सासूबाई म्हणतात की हे सगळ्यांचेच असते. एका खाजगी दवाखान्यात मात्र सोनोग्राफी पाहून ‘पिशवीला सूज आहे, गाठही आहे, कॅन्सर व्हायच्या आत काढून टाका’ असे सांगण्यात आले. त्यांच्या जावेची पिशवी ३८ व्या वर्षीच काढलेली आहे. आपणही काढावी का, संप्रेरकांच्या (हार्मोनच्या) औषधांनी कॅन्सर होतो हे खरे का, आणि हा त्रास आणखी किती वर्षे चालणार, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, आधी निर्णयाचे बोलते. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कोणत्याही डॉक्टरने शेवटचा शब्द देऊ नये. परंतु तुम्ही पाठवलेल्या अहवालात जे लिहिले आहे तेवढ्यावरून आज गर्भाशय काढण्याचे कारण मला दिसत नाही. सासूबाईंचे म्हणणेही अर्धेच खरे आहे. पाळी जाण्याचा काळ सगळ्यांना येतो, पण हिमोग्लोबिन ८.९ पर्यंत उतरेस्तोवर अंगावर काढणे हा काही त्या काळाचा भाग नव्हे. आपल्या भागात बाईसमोर बहुधा दोनच मार्ग ठेवले जातात, एक तर गप्प सोसायचे, नाही तर पिशवी काढून मोकळे व्हायचे. या दोहोंच्या मध्ये करण्यासारखे पुष्कळ असते, आणि तुमच्या बाबतीत तर त्यातले जवळजवळ काहीच अजून झालेले नाही.

तुमच्या शरीरात काय चालले आहे ते थोडक्यात समजून घेतले, तर पुढचे सगळे सोपे होईल. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून दहा ते वीस लाख बीजे असतात. ती आयुष्यभर कमी होत जातात, आणि चाळिशीनंतर उरलेली बीजे मेंदूच्या हुकमाला पूर्वीसारखी नेमाने प्रतिसाद देत नाहीत. एखाद्या महिन्यात बीज बाहेर पडते, एखाद्या महिन्यात पडतच नाही. इस्ट्रोजेन हे अंडाशयात तयार होणारे संप्रेरक या काळात सरळ उतरत जाते असा समज आहे, पण प्रत्यक्षात ते वरखाली हेलकावे खात असते आणि कधीकधी तर तरुणपणापेक्षाही जास्त असते. बीज बाहेर पडले नाही की प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक तयार होत नाही. इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे आतले अस्तर वाढवत न्यायचे आणि प्रोजेस्टेरॉनने ते आवरून वेळेवर पाडायचे, अशी एरवीची व्यवस्था असते. आवरणारे संप्रेरकच नसल्यामुळे अस्तर दोन-दोन महिने जाड होत राहते आणि मग तुकड्या-तुकड्यांनी सुटते. तुमची पाळी जितकी लांबते तितकी ती जास्त जाते, याचे कारण हे आहे. त्यात ‘घाण रक्त साठून राहिले’ असा काही प्रकार नसतो.

सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे पाळी गेली असे आम्ही मागे वळून पाहताना म्हणतो. भारतीय स्त्रियांत हे सरासरीने ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास घडते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमारास. त्याआधीचा अनियमिततेचा काळ साधारण चार वर्षांचा असतो, परंतु तो काहींत वर्षभरात आटोपतो, तर काहींत आठ-दहा वर्षे रेंगाळतो. आईची किंवा थोरल्या बहिणीची पाळी कोणत्या वर्षी गेली ते विचारून ठेवा, त्यावरून थोडा अंदाज बांधता येतो. तुमच्या वयाला ही अवस्था ओळखण्यासाठी एफ.एस.एच. सारख्या संप्रेरक-तपासण्यांची गरज नसते. ते आकडे आज एक आणि पुढच्या महिन्यात भलतेच येतात, आणि पैसे मात्र दोन्ही वेळा जातात. चाळिशीच्या आत पाळी बंद झाली असेल, तर मात्र या तपासण्या अवश्य कराव्यात, कारण ती वेगळी स्थिती आहे आणि तिला वेगळे उपचार लागतात.

आता रक्तस्रावाकडे वळते, कारण तुमच्या सगळ्या तक्रारींत आधी हात घालावा अशी हीच आहे. आमच्यासमोर बसल्यावर बायका म्हणतात, ‘लई जाऊलालंय, डॉक्टर’, आणि त्यापुढे नेमके सांगता येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळी सुरू झाली त्या दिवसाला गोल करा, संपली त्या दिवसाला फुली मारा, आणि मधल्या प्रत्येक दिवसाखाली किती पॅड किंवा घड्या बदलल्या तो आकडा लिहा; रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडल्या असतील तर ‘गा’ लिहा. सलग तीन महिन्यांचे असे पान अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा डॉक्टरला जास्त सांगते. दर तासाला पॅड भिजतो आहे आणि असे दोन-तीन तास चालू आहे, किंवा उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, असे झाले तर सकाळच्या बसची वाट पाहू नका. रात्रीच गाडी करून रुग्णालयात पोहोचा. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात रात्रीची वाहने मिळणे किती अवघड असते ते मला माहीत आहे, म्हणूनच अशा घरात १०८ क्रमांक पाठ असावा.

तुमच्या सोनोग्राफीच्या कागदावर तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत. पहिली, गर्भाशय ‘बल्की’ आहे. दोन बाळंतपणे झालेल्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईचे गर्भाशय किंचित मोठे दिसणे नेहमीचे आहे. तो आकाराविषयीचा शेरा आहे, रोगाचे निदान नव्हे, आणि त्याला ‘सूज’ म्हणून बाईला घाबरवणे मला कधीच पटलेले नाही. दुसरी, १.८ सेंटिमीटरची स्नायूची गाठ. अशा फायब्रॉइडच्या गाठी या वयात अनेकींना असतात, त्यांचे कॅन्सरमध्ये रूपांतर होणे अत्यंत दुर्मीळ आहे, आणि पाळी गेल्यावर त्या सहसा आकसतात. ती गाठ अस्तराच्या बाजूला, आतल्या पोकळीत डोकावत असेल तरच लहान असूनही जास्त रक्तस्राव घडवते. तुमच्या अहवालात ती स्नायूच्या भिंतीत असल्याचे म्हटले आहे. तिसरी, गर्भाशयमुखावरचे पाण्याचे बारीक फोड. ते निरुपद्रवी असतात आणि त्यांना काहीही करावे लागत नाही. चौथी गोष्ट मात्र कागदावर नाही, आणि तीच सर्वांत महत्त्वाची होती. अस्तराचा तुकडा तपासलेला नाही.

वयाच्या ४५ नंतर पाळी अशी बिघडली, तर अस्तराची बायॉप्सी करून घ्यावी असा सर्वमान्य संकेत आहे. वजन जास्त असेल, मधुमेह असेल किंवा पूर्वी पीसीओएसचा (बीज नेमाने बाहेर न पडण्याच्या संप्रेरक-बिघाडाचा) त्रास असेल तर त्याआधीही. एका बारीक नळीने बाह्यरुग्ण विभागातच तुकडा घेता येतो, पाळीत दुखते तसे काही क्षण दुखते, आणि बहुतेक वेळा भूल द्यावी लागत नाही. अहवालात साधी वाढ निघाली तर औषधाने भागते, पेशींत बदल दिसले तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. म्हणजे पिशवी काढायची की नाही, हे ज्या तपासणीवरून ठरायला हवे तीच न करता ‘काढा’ असा सल्ला तुम्हाला मिळाला आहे. याच्या जोडीला रक्तगणना, थायरॉइडसाठी टी.एस.एच., साखर, आणि गर्भाशयमुखाची तपासणी, एवढे करून घ्या. तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाची साधी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात आहे. थायरॉइड मंदावले तर पाळी जास्त जाते, थकवा येतो, वजन वाढते, विसरायला होते, आणि हे सगळे पाळी जाण्याच्या खात्यावर जमा होऊन वर्षानुवर्षे तसेच राहते.

हिमोग्लोबिन ८.९ म्हणजे मध्यम स्वरूपाचा रक्तक्षय. धाप, छातीत धडधड, केस गळणे, चिडचिड, वर्गात उभे राहवत नाही, यातले बरेचसे लोहाच्या कमतरतेने होत असावे. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर, जमल्यास उपाशीपोटी घ्या, पोटात मळमळत असेल तर एक दिवसाआड घ्या, आणि हिमोग्लोबिन बारावर गेले तरी पुढे तीन महिने चालू ठेवा, कारण साठा भरून यायला वेळ लागतो. गोळी सोसत नसेल तर शिरेतून देण्याची लोहाची इंजेक्शने आता सहज मिळतात. गूळ-शेंगदाणे अवश्य खा, पण तेवढ्याने ८.९ चे १२ होत नाहीत.

रक्तस्राव आवरण्याचे उपाय सोप्यापासून सुरू करायचे असतात. ट्रानेक्झामिक ॲसिड ही गोळी फक्त जास्त जाणाऱ्या चार-पाच दिवसांत घ्यायची असते आणि ती रक्तस्राव साधारण निम्म्यावर आणते. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झालेली असेल तर ती चालत नाही. मेफेनामिक ॲसिडने पोटदुखीही कमी होते, मात्र ती जेवणानंतर घ्यावी. प्रोजेस्टेरॉनच्या जातीची गोळी दरमहा ठरावीक दिवस देऊन अस्तर वेळेवर पाडता येते. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ऑर्मेलॉक्सिफेन ही संप्रेरकरहित गोळी, जी सरकारी केंद्रांत ‘छाया’ या नावाने गर्भनिरोधक म्हणून मिळते, तीही आपल्याकडचे डॉक्टर जास्त रक्तस्रावासाठी वापरतात. परंतु तुमच्यासारख्या रुग्णासाठी, बायॉप्सी नीट आली तर, माझी पहिली पसंती संप्रेरक सोडणाऱ्या तांबीला असते. ती कॉपर-टीसारखी दिसते, पण तिच्यातून लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचे संप्रेरक रोज अगदी थोडे थोडे गर्भाशयाच्या आतच सुटते. काही महिन्यांत रक्तस्राव ९० टक्क्यांच्या आसपास कमी होतो, आणि ती किमान पाच वर्षे काम करते, म्हणजे बहुतेकींना पाळी जाईपर्यंत पुरते. पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून डाग लागत राहतात. हे आधी सांगितलेले नसले की बाई ‘तांबी लागू पडली नाही’ म्हणून काढून टाकायला येते, आणि मग तिचे पुढचे पाऊल शस्त्रक्रियेकडेच वळते.

शस्त्रक्रियेला माझा सरसकट विरोध नाही. कॅन्सर किंवा पेशींतील धोकादायक बदल, मूत्राशयावर दाब देणाऱ्या मोठ्या गाठी, अंग बाहेर येणे (गर्भाशय खाली घसरणे), किंवा वरचे उपाय मनापासून करूनही न थांबणारा रक्तस्राव, अशा कारणांसाठी गर्भाशय काढल्यावर बाईचे आयुष्य खरोखर सुधारते. माझा आक्षेप पांढरे जाते, कंबर दुखते, मुले झाली आहेत आता पिशवीचा काय उपयोग, अशा कारणांना आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली. त्या टोळ्या हंगामात कर्नाटकातल्या कारखान्यांवरही येतात, आपण त्यांना रस्त्याने जाताना पाहतो. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असा आदेश दिला. प्रश्न फक्त गरीब बाईचा आहे असे मात्र समजू नका. शिकलेल्या, विमा असलेल्या घरांतही ‘एकदाचे काढून टाका’ हे वाक्य तितक्याच सहजतेने उच्चारले जाते.

आणि एक गोष्ट बायकांना कुणी स्पष्ट सांगतच नाही. पिशवी काढल्याने वाफा थांबत नाहीत. वाफा अंडाशयांच्या कामाशी निगडित असतात, गर्भाशयाच्या नव्हे. शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली, तर चार-पाच वर्षांत हळूहळू व्हायचा बदल एका रात्रीत होतो, वाफा अधिक जोराने येतात, आणि पंचेचाळिशीच्या आत हे झाले तर हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. तुमच्या जावेला ३८ व्या वर्षी नेमके काय काढले ते तिच्या डिस्चार्ज कार्डवर पाहा. अंडाशये गेलेली असतील तर तिला आज काही त्रास नसला तरी हाडांची तपासणी आणि संप्रेरक उपचाराविषयी सल्ला तातडीने हवा, कदाचित तुमच्यापेक्षाही आधी.

उद्या कधी शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर संमतिपत्र हे प्रकरण गंभीरपणे घ्या. आपल्याकडे ते कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत छापलेले असते, आणि मराठी शाळेत शिकलेली बाई नवऱ्याने किंवा भावाने बोट ठेवले तिथे सही करते. ते मराठीतून वाचून दाखवायला सांगा; आपल्या भागातल्या बहुतेक परिचारिकांना दोन्ही भाषा येतात आणि विचारले तर त्या आपुलकीने सांगतात. त्यात ‘अंडाशयांसह’ असे लिहिले आहे का, ते विचारा. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या एका प्रकरणात ४४ वर्षांच्या बाईला दुर्बिणीची तपासणी म्हणून भूल दिली होती, आणि ती भुलीत असताना केवळ तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय व अंडाशये काढण्यात आली होती. सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाच्या जागी नातेवाइकाची संमती चालत नाही आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, असे न्यायालयाने त्या वेळी स्पष्ट केले.

थोडे विषयांतर करते, पण ते आवश्यक आहे. गणपती, मंगाईची जत्रा, सौंदत्तीला जाणे, घरातले लग्न, अशा प्रत्येक वेळी औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणायची आपल्याकडे सवय आहे. एरवी वर्षातून एखाद्या वेळी, डॉक्टरला विचारून घेतल्या तर फारसे बिघडत नाही. पण आधीच विस्कटलेल्या पाळीवर या गोळ्या घेतल्या की कोणता रक्तस्राव शरीराचा आणि कोणता गोळी थांबवल्याचा, हे कळेनासे होते, आणि खऱ्या दुखण्याचे निदान लांबते. कुणी देवाला जायचे आणि कुणी बाहेर बसायचे, यावर मी बोलणार नाही. मात्र महिन्यात पंधरा दिवस पाळी असणाऱ्या बाईला घरात वेगळे बसवले तर तिचा त्रास दुप्पट होतो, एवढे घरच्यांना सांगायला मला संकोच वाटत नाही.

वाफांविषयी तुम्ही लिहिले आहे की जुलैच्या पावसात घरातले सगळे घोंगडी ओढून झोपलेले असताना तुम्ही मात्र ओसरीवर दार उघडून बसता. अगदी असेच होते. मेंदूत शरीराचे तापमान राखणारे केंद्र असते. थंडी वाजू लागण्याचे तापमान आणि घाम फुटण्याचे तापमान यांत एरवी थोडी मोकळीक असते. इस्ट्रोजेनचे हेलकावे सुरू झाले की ती मोकळीक आक्रसते, आणि अंगाचे तापमान किंचित जरी वाढले तरी मेंदू शरीर फार तापल्याचा समज करून घेऊन त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतो. छातीपासून चेहऱ्यापर्यंत झळ येते, घाम फुटतो, आणि एक ते पाच मिनिटांत हुडहुडी भरते. बाहेर पाऊस आहे की ऊन, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. सुती कपडे, अंथरुणाजवळ पाण्याचा तांब्या, संध्याकाळी पाचनंतर चहा नाही, रात्री तिखट कमी, आणि जास्त असेल तर वजन थोडे उतरवणे, याने सौम्य त्रास आटोक्यात राहतो. निपाणीकडच्या बायकांना मी मिश्री सोडायला सांगते तेव्हा त्या हसतात; पण तंबाखूतले निकोटीन झोप मोडते आणि नाडी वाढवते, शिवाय तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची पाळी एक-दोन वर्षे आधी जाते, हेही सिद्ध झालेले आहे.

एवढ्याने भागत नसेल, झोप रोजच मोडत असेल, तर संप्रेरक उपचार हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. त्याच्याविषयीची भीती २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातून आली. त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली होती, आणि औषधेही आज वापरतात ती नव्हती. दोन्ही संप्रेरके एकत्र घेणाऱ्या गटात दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला सुमारे आठ जणींना स्तनाचा कॅन्सर अधिक झाला. फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या, म्हणजे गर्भाशय काढलेल्या स्त्रियांच्या गटात तो वाढला नाही. म्हणजे धोका शून्य नाही, पण ‘हार्मोन घेतले की कॅन्सर’ हे विधानही खरे नाही. साठ वर्षांच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे होण्याआधी सुरू केल्यास, निरोगी आणि त्रास असलेल्या स्त्रीला फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो, असे आजचे मत आहे. त्वचेला लावायच्या इस्ट्राडिओल या इस्ट्रोजेनच्या जेलने रक्तात गुठळी होण्याचा धोका तोंडाने घेण्याच्या गोळीपेक्षा कमी राहतो. गर्भाशय असलेल्या स्त्रीला अस्तराच्या रक्षणासाठी सोबत प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते, आणि वर सांगितलेली तांबी बसवलेली असेल तर ते काम तीच करते. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, गुठळी किंवा पक्षाघात झालेला असेल, यकृताचा सक्रिय आजार असेल, किंवा रक्तस्रावाचे कारणच उलगडलेले नसेल, तर हा उपचार देत नाहीत. शेवटचे कारण आज तुम्हाला लागू आहे, म्हणून आधी बायॉप्सी. संप्रेरके नको असतील किंवा चालत नसतील, तर व्हेनलाफॅक्सिनसारखी काही औषधे कमी मात्रेत वाफांसाठी वापरतात. ती मनाच्या आजारावरची आहेत असे वाचून घाबरू नका. जत्रेतल्या पालावर मिळणाऱ्या निनावी काढ्यांपासून मात्र लांब राहा, त्यांत काय घातले आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

मुलांची नावे न आठवणे याने तुम्ही सर्वांत जास्त धास्तावलेल्या दिसता. या काळात शब्द जिभेवर येऊन अडतात, पण हा विसरभोळेपणा बहुतेकींत तात्पुरता असतो. झोप आणि हिमोग्लोबिन सुधारले की पहिला फरक इथेच जाणवतो. उदासी वेगळी. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन रमत नसेल, रडू येत असेल, जगणे नको वाटत असेल, तर ती चिडचिड नव्हे. पाळी जाण्याच्या काळात नैराश्याचा धोका खरोखरच वाढतो आणि त्याला उपचार आहेत. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.

जागेचा (योनिमार्गाचा) कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणे, वारंवार लघवीची जळजळ, यांविषयी तुम्ही लिहिलेले नाही; बहुधा कुणीच लिहीत नाही. वाफा काळाने कमी होतात, पण हा त्रास उपचाराशिवाय वाढत जातो. आठवड्यातून दोनदा लावायच्या इस्ट्रिओल या इस्ट्रोजेनच्या मलमाने तो चांगला आवरतो आणि त्यातले औषध रक्तात नगण्य जाते. नवऱ्याला हे सांगणे जड जात असेल तर तपासणीला येताना त्यांना सोबत आणा, आम्ही सांगू. हाडांसाठी रोज एक हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत त्यातले साडेतीनशेच्या आसपास असते, तेव्हा खानापूरकडच्या बाईला त्यासाठी फार लांब जायला नको.

राहिला तिसरा प्रश्न. तुमच्या पाळीतील अंतर अधूनमधून साठ दिवसांच्या पुढे जाऊ लागले आहे, आणि ही या काळाच्या उत्तरार्धाची खूण मानतात. बहुतेकींची पाळी त्यानंतर एक ते तीन वर्षांत जाते. वाफा मात्र त्याच्याही पुढे राहू शकतात. अमेरिकेत स्त्रियांवर वर्षानुवर्षे चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात, वारंवार वाफा येणाऱ्यांत त्या एकूण सात वर्षांहून थोड्या अधिक काळ टिकल्याचे दिसले, म्हणून ‘दोन वर्षे कळ काढा’ हा सल्ला मी देत नाही. या महिन्यात पाळी संपल्यावर, कॅलेंडरचे पान, सोनोग्राफीचा कागद आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे घेऊन बेळगावला या. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत स्त्रियांना साध्या सरकारी बसचे तिकीट लागत नाही, तेव्हा पुढच्या फेरतपासण्याही भाड्यापायी टाळू नका. बायॉप्सीचा अहवाल साधारण आठवड्याभरात मिळतो आणि तो दाखवायला याल त्याच भेटीत तांबीचा निर्णय होऊ शकतो. पुढे एकदा सलग बारा महिने पाळी आली नाही आणि त्यानंतर कधीही, अगदी कापडाला डाग लागण्याएवढे जरी रक्त दिसले, तर ‘पाळी परत आली’ असे समजून घरी थांबायचे नाही. त्यातल्या दहापैकी नऊ जणींना गंभीर काही निघत नाही, पण दहावी कोण हे त्याच आठवड्यात तपासल्याशिवाय कळत नाही.